चष्मेवाले काका आणि बाई

२००५ च्या एप्रिलमध्ये तीन दिवस मी दोन परक्या माणसांना गाडीतून फिरवत होते. तसं ते काम माझं नव्हतं. आम्ही तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहत होतो. नवरा सकाळी आठला ऑफिसला निघायचा, मुलगी पहिलीत होती, आणि माझ्या डिपेंडंट व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली म्हणून मी आठवड्यातून तीन दिवस गावातल्या लायब्ररीत फुकट काम करायला लागले होते. लोकांनी परत केलेली पुस्तकं शेल्फवर लावायची, एवढंच.

तिथल्या लायब्रेरियनबाईंची साठी उलटली होती, त्या चर्चच्या कामात असायच्या. एका सोमवारी त्या मुलांच्या विभागात आल्या आणि म्हणाल्या की त्यांच्याकडे दोन पाहुणे येणार आहेत आणि त्यांची ने-आण करणाऱ्या माणसाचा घोटा मोडलाय. मला दिवसा वेळ असतो, मिनीव्हॅन आहे, तर मी येईन का? पाहुणे कोण, असं मी विचारलं. एक इस्रायली गृहस्थ आणि एक पॅलेस्टिनी बाई, त्या म्हणाल्या. दोघांच्याही घरातलं माणूस तिकडच्या मारामारीत गेलेलं. तिकडे अशा घरांचा एक गट आहे, दोन्हीकडच्या. ते एकत्र शाळांमधून जातात, लोकांसमोर बोलतात. या वेळी या दोघांना अमेरिकेत बोलावलंय.

मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते मी लायब्ररीत कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणून हो म्हटलं.

कारण असं होतं. दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ मुंबईत ऑफिसातून बसने घरी येत होता, आणि त्या बसमध्ये बॉम्ब फुटला. तो सव्वीस वर्षांचा होता. आमच्याकडे तेव्हा सकाळ होती. बाबांचा फोन आला आणि त्यांना दोन वाक्यांपलीकडे बोलता येईना, मग शेजारच्या काकांनी फोन घेऊन सांगितलं. मी कपडे भरायला घेतले. नवरा ऑफिसातून धावत आला आणि पलंगावर माझ्याजवळ बसून राहिला. आमचं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं होतं. देश सोडला तर परत येता येईल की नाही, हे वकीलही छातीठोकपणे सांगत नव्हता. पाच वर्षांची मुलगी होती. दोन दिवस आम्ही फोनवरच होतो. तिसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, आता येऊन काय करणार आहेस. मी गेले नाही. बॅग तशीच भरलेली कपाटात पुढे कितीतरी महिने पडून होती.

मराठी मंडळातली माणसं आली, डबे आले, पंधरा दिवस फोन येत राहिले. मग ते थांबले. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, प्रत्येकाला आपापला संसार होता. पण एक गोष्ट मी स्वतः केली आणि ती मात्र चुकीची होती. आमच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर हैदराबादचं एक मुसलमान कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात. दोघी दिवसभर एकमेकींच्या घरात असायच्या. त्या मुलीची आई आणि मी एकत्र ग्रोसरीला जायचो, एकमेकींकडे मुली सोडून डॉक्टरकडे जायचो. बातमी कळल्यावर ती लगेच वर आली. मी दार उघडलं नाही. नंतर पेपरात पकडलेल्या माणसांची नावं आली. ती नावं वाचली आणि मुलीला सांगितलं की आता खाली खेळायला जायचं नाही. शाळेच्या बसमध्येही तिच्या शेजारी बसायचं नाही. मुलीने विचारलं, "आंटीने काही केलं का?" मी म्हटलं, सांगितलं ना नाही म्हणून.

एवढं सगळं पोटात ठेवून मी रॅलेच्या विमानतळावर गेले.

पाहुणे दुपारी येणार होते, ते संध्याकाळी आले. अमेरिकेत उतरल्या उतरल्या बाईंना एका खोलीत नेऊन चार तास बसवून ठेवलं होतं. गृहस्थांचे कागद दोन मिनिटांत झाले होते. पुढच्या विमानाने जा, त्या येतील मागून, असं त्यांना सांगण्यात आलं. ते गेले नाहीत. खोलीच्या बाहेर खुर्चीवर बसून राहिले आणि दोघांचंही विमान चुकलं. हे मला लायब्रेरियनबाईंनी नंतर सांगितलं. गाडीत बसल्यावर ते दोघं त्याबद्दल काही बोलले नाहीत. दमलेली, आंबलेली माणसं होती. गाडीवर बोटभर पिवळा पराग साचला होता, आमच्याकडे त्या दिवसांत पाइनच्या झाडांचा सगळीकडे पडतो तसा. बाईंच्या काळ्या कोटाला तो लागला. त्या झटकत राहिल्या, तसा तो जास्तच पसरत गेला.

गृहस्थ पासष्टीचे असतील. बुटके, टक्कल पडलेले, हात मात्र बारीक आणि नेटके. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. बाई पन्नाशीच्या, डोक्याला करडा रुमाल, प्राथमिक शाळेत गणित शिकवायच्या. मी मनातल्या मनात त्यांना 'बाई' म्हणायला लागले, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, आणि गृहस्थांना 'चष्मेवाले काका'. माझ्या मुलीने पुढे त्यांना खरोखरच काका म्हटलं.

पहिला कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये होता. साठ-सत्तर लोक होते. मी मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून बसले, म्हणजे नको वाटलं तर उठून जाता येईल.

आधी काका बोलले. त्यांचं इंग्रजी अडखळत होतं. त्यांचा मोठा मुलगा बावीस वर्षांचा होता, कॉलेजात शिकत होता. परीक्षेच्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईना, म्हणून तो बसने गेला. त्या बसमध्ये एका माणसाने अंगावर बांधलेला बॉम्ब उडवला. काका दुकानात होते. आवाज त्यांना ऐकू आला होता, पण तो कशाचा हे तेव्हा कळलं नव्हतं. गिऱ्हाइकाचे डोळे तपासण्याचं काम त्यांनी पुरं केलं, नंबर लिहून दिला. "त्या गिऱ्हाइकाचे नंबर मला अजून पाठ आहेत," ते म्हणाले.

मी उठून जायला हवं होतं. बसूनच राहिले. बसमध्ये गेलेल्या माणसाच्या घरातलं दुसरं कुणी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग काकांनी बाईंची ओळख करून दिली. या शिक्षिका आहेत, यांनी चार वर्षांपूर्वी एका घटनेत आपले पती गमावले, असं ते म्हणाले. बाई उठल्या. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. त्यांचा नवरा ऑलिव्हच्या बागेतून परत येत होता. संचारबंदी तासभर आधीच लागू झालीय हे त्याला माहीत नव्हतं. रस्त्यावर एका सैनिकाने गाडी थांबवायची खूण केली. उन्हात ती त्याला दिसली की नाही, कुणास ठाऊक. गोळी मानेत लागली. गाडी हळूहळू जाऊन कुंपणाला टेकली. मागच्या सीटवर ऑलिव्हची पोती होती. तेवढं सांगून त्यांनी मुलांबद्दल सांगितलं, शाळेबद्दल सांगितलं. आवाज एकदाही वर चढला नाही.

शेवटी एका माणसाने उभं राहून विचारलं की आधी कोणत्या बाजूने माफी मागायला हवी. काका म्हणाले की याचं उत्तर शोधत बसलो असतो तर आम्ही आज वेगवेगळ्या हॉलमध्ये बोलत असतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत.

त्या दुपारी आम्हाला ग्रीन्सबरोला एका कॉलेजात जायचं होतं, सव्वा तासाचा रस्ता. काका माझ्या शेजारी बसले, बाई मागे. हायवेला लागल्यावर मागून बाईंचा आवाज आला.

"तुमचा मुलगा मारला गेला. आणि माझा नवरा मात्र मी गमावला. मी काय त्याला कुठे विसरून आले?"

काका समोर बघत राहिले. बाई सावकाश, शिकवल्यासारख्या बोलत होत्या. दोन वर्षं आपण एकत्र फिरतोय. प्रत्येक ठिकाणी तुमच्या मुलाच्या वाक्यात मारणारा असतो. माझ्या नवऱ्याच्या वाक्यात कुणीच नसतं. एक 'घटना' असते. मी दर वेळी उठून ते दुरुस्त करायचं, आणि लोकांना वाटतं की ही कडवट बाई आहे.

काकांनी मला गाडी कुठे थांबवता येईल का, असं विचारलं. पुढे रेस्ट एरिया होता, तिथे घेतली. ते उतरले आणि गवतावरच्या बाकापाशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. बाई गाडीतच बसल्या. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. रडत नव्हत्या. दहा-एक मिनिटं गेली असतील. मग त्या उतरल्या आणि त्यांच्याकडे गेल्या. मला वाटलं कार्यक्रमाला उशीर होईल, म्हणून मीही उतरले आणि जवळ गेल्यावर काकांचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"माझा धाकटा सैन्यात आहे. तुम्हाला माहीत आहे. त्या रस्त्यावर उद्या तो उभा असेल. मी 'मारलं' हा शब्द म्हणालो की मला त्याचे हात दिसतात."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मी तुमच्याबरोबर फिरते. ज्याचा कुणीच तिथे उभा नाही, त्याच्याकडून ऐकून माझा काय फायदा?"

काकांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. आम्ही गाडीत बसलो.

आमच्या मराठीत आपण मेलेल्या माणसाला 'गेला' म्हणतो. अशुभ शब्द टाळतो, ऐकणाऱ्याला त्रास नको म्हणून जपतो. मीही दोन वर्षं माझ्या भावाबद्दल असंच म्हणत होते. भाऊ गेला. लोक विचारायचे, कशाने? मी म्हणायचे, अ‍ॅक्सिडेंट. त्या दुपारी गाडी चालवताना माझ्या लक्षात आलं की तो कसा मेला हे मी तोंडाने एकदाही उच्चारलं नव्हतं. नवऱ्यापाशीसुद्धा नाही.

ग्रीन्सबरोच्या कॉलेजात मुलं बरीच होती. काकांनी मुलाचं सगळं सांगितलं. मग बाईंकडे वळले. "यांच्या नवऱ्याला," ते म्हणाले, "माझ्या देशाच्या एका सैनिकाने गोळी घालून मारलं. त्याच्याजवळ हत्यार नव्हतं. तो बागेतून घरी चालला होता." एवढं म्हणताना त्यांचा आवाज मध्येच गेला आणि त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. मधल्या रांगेतलं एक वयस्कर जोडपं उठून बाहेर निघून गेलं. बाईंनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास काकांच्या बाजूला सरकवला आणि बोलायला उभ्या राहिल्या. आणि त्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या मरणाबद्दल एक शब्दही काढला नाही. ते सांगून झालं होतं. त्या नवऱ्याबद्दल बोलल्या. तो फार वाईट गाडी चालवायचा, लग्नाआधी त्याने त्यांच्या बाबांना खोटंच सांगितलं होतं की आपल्याला चहात साखर चालत नाही, आणि मग वीस वर्षं सासऱ्यासमोर बिनसाखरेचा चहा प्यायला. मुलं हसली. बाईही थोड्या हसल्या.

तिसऱ्या दिवशी डरहॅमला सिनेगॉगमधला, ज्यूंच्या प्रार्थनाघरातला, कार्यक्रम आटोपल्यावर लायब्रेरियनबाईंच्या घरी जेवण ठरलं होतं, पण त्यांना ताप भरला. मी दोघांना माझ्या घरी घेऊन आले. वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पोळ्या. सगळं शाकाहारी असल्यामुळे कुणालाच अडचण झाली नाही. नवरा लवकर आला होता. मुलगी काकांचे चष्मे लावून बघत होती, त्यांच्याकडे तीन होते.

जेवण झाल्यावर बाई हॉलमध्ये हात पुसत उभ्या होत्या. तिथे कोपऱ्यात माझ्या भावाचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. त्यांनी विचारलं, हा कोण?

मी म्हटलं, "माझा भाऊ. पास्ड अवे."

बाई जवळ गेल्या. फोटोकडे बघत राहिल्या. घाई नव्हती त्यांना. आणि मग मी सांगितलं. बस, बॉम्ब, बाबांचा फोन, व्हिसा, न गेलेली मी. नवरा स्वयंपाकघरातून भांडी तशीच ठेवून बाहेर आला आणि दारात उभा राहिला. ज्यांनी केलं ते पकडले का, काकांनी विचारलं. मी म्हटलं, हो, पेपरात नावं आली होती. मुसलमान होते. आणि म्हटल्यावर मला कळलं की मी हे कुणासमोर म्हणाले.

तेव्हा माझी मुलगी, जिचं आमच्या बोलण्याकडे लक्ष नाही असं मला वाटत होतं, सोफ्यावरून इंग्रजीत म्हणाली की म्हणूनच तिला खालच्या मैत्रिणीशी खेळता येत नाही.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती वर्षांची आहे तुझी मैत्रीण?"

"सहा," मुलगी म्हणाली. "पण जूनमध्ये सात होईल."

मला वाटलं बाई मला काहीतरी सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. त्या जाऊन मुलीजवळ बसल्या आणि तिच्या गणिताच्या वहीत बघायला लागल्या. बोलले ते काका, आणि तेही माझ्याकडे बघून नव्हे, चष्मे पेटीत ठेवता ठेवता.

त्यांच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणारा एक माणूस होता. अरब होता. अकरा वर्षं त्यांच्याकडे होता. त्यांच्या मुलाला सायकल त्याने शिकवली होती. मुलगा मारला गेल्यावर काकांनी त्याला निरोप पाठवला की आता येऊ नकोस. त्यांच्या ज्यू लोकांतही सुतकासारखे सात दिवस घरात बसतात, लोक भेटायला येतात. सातव्या दिवशी तो माणूस आला. आत यायचं धाडस झालं नाही, समोरच्या फूटपाथवर उभा राहिला. काकांनी त्याला खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. पुढे तीन वर्षांनी, या गटात आल्यावर, ते त्याच्या घरी गेले. बायकोने दार उघडलं. तो वर्षभरापूर्वी मूत्रपिंडाच्या आजाराने मेला होता.

"तिने मला आत बोलावलं, कॉफी दिली," काका म्हणाले. "पण मला बोलायचं होतं त्याच्याशी. आता मी हॉलमधल्या लोकांशी बोलतो. ते ऐकतात. पण त्यातला एकही जण तो नसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना विमानतळावर सोडलं. बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या की जमलं तर आईकडे जाऊन ये. काकांनी मुलीसाठी चष्म्याचा एक छोटा पेचकस ठेवला होता, तो दिला. त्यांच्या रांगा आत गेल्यावर वेगळ्या झाल्या, मी काचेतून बघत होते. काका आपली रांग पुरी करून पलीकडे थांबले.

परत आल्यावर मी वर गेलेच नाही. गाडी लावली आणि सरळ खालच्या मजल्यावरचं दार वाजवलं. वाट पाहत राहिले असते तर पुन्हा दोन वर्षं गेली असती.

तिने दार उघडलं. हातात मुलीचा फ्रॉक होता, इस्त्री चालली असावी. मला पाहून ती बाजूला झाली नाही आणि दारही लावलं नाही. आम्ही हिंदीत बोलायचो, पण मला त्या वेळी कुठल्याच भाषेत काही सुचेना. मी म्हटलं, माझं चुकलं. माझ्या भावाला मारलं त्यांनी, आणि मी तुझ्यावर राग काढला. तुझ्या मुलीवर काढला.

ती म्हणाली, "मी तीनदा आले होते वर. तिसऱ्यांदा आतला टीव्ही बंद झाल्याचा आवाज ऐकला."

मी मान खाली घातली.

"तुझ्या भावासाठी मी आले होते. त्याच्या आदल्या दिवाळीत आला होता इथे तो, ऑफिसच्या कामाने आलेला असताना. माझ्या हातची बिर्याणी खाऊन गेला होता, तुला न सांगता. मलाही वाईट वाटलं होतं. मला रडायला जागा नव्हती. आणि मुलीला दोन वर्षं काय सांगितलं, माहितीय? वरच्या आंटीची तब्येत बरी नसते. तुझ्यासाठी मी खोटं बोलत राहिले." तिने हातातला फ्रॉक खांद्यावर टाकला. "आता तू आलीस, तुला हलकं वाटेल. मला वाटत नाहीये."

भाऊ तिच्याकडे जेवून गेला होता हे मला माहीत नव्हतं, आणि ते ऐकून मी तिथेच, तिच्या दारात, मोठ्याने रडायला लागले. बातमी आली त्या दिवसानंतर अशी मी रडलेच नव्हते. तिने मला आत घेतलं. खुर्चीवर बसवलं. स्वतः समोर बसली नाही, इस्त्री करत राहिली. मग चहा टाकला. तो आम्ही प्यायलो.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मी सांगू शकत नाही. मुली पुन्हा खेळायला लागल्या, पण आता आधी विचारून, वेळ ठरवून. त्या दोघींनाही काहीतरी कळलं होतं. तिची माझ्याशी वागणूक चांगली होती, जरा जपून असल्यासारखी. जूनमध्ये मुलीच्या वाढदिवसाला तिने आम्हाला बोलावलं. एकदा पार्किंगमध्ये तिने स्वतःहून भावाबद्दल सांगितलं, तो किती बोलायचा, त्याने तिच्या नवऱ्याशी क्रिकेटवरून कशी पैज लावली होती. मी ते सगळं ऐकून घेतलं. माझ्याजवळ नसलेली त्याची एक संध्याकाळ तिच्याजवळ होती. पण वर्ष संपायच्या आत तिच्या नवऱ्याला टेक्सासमध्ये नोकरी लागली आणि ते फ्रिस्कोला गेले. सामान भरलेल्या ट्रकपाशी तिने मला मिठी मारली. तिचं अंग ताठ होतं, आणि तरी तिने मारली, हे मी विसरत नाही.

पुढच्या वर्षी आमचे कागद मार्गी लागले आणि मी घरी गेले. आईने भावाचं कपाट जसंच्या तसं ठेवलं होतं. मी एक महिना राहिले. बाबांना मी बाईंबद्दल आणि काकांबद्दल सांगितलं. बाबांनी सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले की मला नाही जमणार. मी म्हटलं, जमायला हवं असं कुठे आहे. पण त्या लोकांनी 'मारलं' हा शब्द कसा म्हटला, ते मात्र त्यांनी मला दोनदा विचारलं.

बाईंशी माझं ई-मेलवर बोलणं चालू होतं. वर्षातून चार-पाच पत्रं. शाळेतल्या मुलांबद्दल, गुडघ्याच्या दुखण्याबद्दल. काकांचा धाकटा सैन्यातून सुटला, हे त्यांनीच कळवलं. मला ते वाक्य वाचताना त्यांना किती हायसं वाटलं असेल ते जाणवलं, कारण त्यांनी त्यापुढे दुसरं काहीच लिहिलं नव्हतं. दोघांच्या गावांमध्ये तासाभराचं अंतर, पण बाईंना तिकडे जायचं तर इस्रायलचा परवाना लागायचा आणि तो बहुतेक वेळा नाकारला जायचा. २००८ साली काकांना अर्धांगवायूचा झटका आला. बाईंनी परवान्यासाठी अर्ज केला, तीनदा केला. मिळाला तोवर काका बोलू शकत नव्हते. त्या दवाखान्यात दोन तास त्यांच्याजवळ बसल्या आणि संध्याकाळी परवान्याची वेळ संपायच्या आत परत आल्या. शाळांमध्ये आता त्या काकांच्या धाकट्या मुलाबरोबर जातात, असं त्यांनी लिहिलं होतं. तो फार थोडं बोलतो, पण वेळेवर येतो.

ती पत्रं वाचून मी एकदा मुलीला विचारलं की तुला तुझी ती खालची मैत्रीण आठवते का. ती तेव्हा दहा वर्षांची होती. फ्रिस्कोला गेल्यावर दोघी काही महिने एकमेकींना लिहायच्या, मग ते थांबलं होतं.

"काइंड ऑफ," ती म्हणाली आणि पुन्हा होमवर्क करायला लागली.